‘स्वखुशीने’ असं लिहून देऊ नका

प्रश्न : मी नाशिक रोडला राहतो. टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात 16 वर्षं एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ) आहे. ऑफिस बंद करून काम मुंबईच्या हबला जोडणार आहेत. सगळ्यांकडून ‘मुंबईला बदली स्वखुशीने मागतो’ असा अर्ज मागतायत. बायको सिव्हिलला नर्स आहे, आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलीय. सही केली नाही तर नोकरी जाईल का? की राजीनामाच देऊ? आमच्यासोबत बॅगा उचलणारी ठेकेदाराकडची मुलंही आहेत, त्यांचं काय?

उत्तर : ऑफिसला कुलूप लागलं म्हणून तुमची नोकरी जात नाही. जागाच कमी झाल्या, तरी केंद्राच्या अतिरिक्त कर्मचाऱ्यांना दुसरीकडे सामावून घेण्यासाठी 1990 चे नियम आहेत. राजीनाम्याचा विचार मात्र आजच सोडा. ऐच्छिक निवृत्तीला 20 वर्षं सेवा लागते, तुमची 16 झालीत. रागाच्या भरात दिलेला राजीनामा फार महागात पडेल.

ऑफिस बंद करण्याचा निर्णय कोर्ट सहसा फिरवत नाही. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, सॉर्टिंगची फेरमांडणी हा खात्याच्या धोरणाचा भाग आहे. तुमची लढाई तिथे नाही. ती त्या अर्जात आहे.

टपाल मॅन्युअलच्या चौथ्या खंडातला नियम 38 तुमच्या युनियनमधल्या कुणालाही विचारा. स्वतःच्या विनंतीवरून बदली घेतली की नव्या ठिकाणच्या ज्येष्ठता यादीत तुम्ही खाली जाता. वर बदली अनुदानही नाही आणि रुजू होण्यासाठीची दहा दिवसांची मुदतही नाही. तीच बदली खात्याने सार्वजनिक हितासाठी केली, तर घर हलवताना मूळ पगाराच्या 80 टक्के एकरकमी अनुदान मिळतं. ऑफिस त्यांनी बंद करायचं आणि विनंती मात्र तुमची, हे मला अजिबात पटत नाही. अर्ज दिला असेल, तर हुकूम निघण्याआधी लेखी मागे घ्या.

त्याऐवजी निवेदन द्या : ‘ऑफिस बंद झाल्यामुळे होणारी बदली प्रशासकीय समजावी. माझी विनंती नाही. मला नाशिकमध्येच सामावून घ्यावं.’ प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्यात त्याच मॅन्युअलमधला जुना नियम 37 लिहा. पोस्टमन आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना अगदी खास कारणाशिवाय जिल्ह्याबाहेर हलवू नये, असं तो सांगतो, आणि एमटीएस ही त्याच चतुर्थ श्रेणीचं आजचं पदनाम आहे. नाशिकच्या पोस्ट ऑफिसांत एमटीएसच्या किती जागा रिकाम्या आहेत, ते दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात विचारा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, आणि तो आकडा निवेदनाला जोडला की ‘जागा नाही’ म्हणणं अवघड होतं.

आईसाठी दिव्यांगत्वाचा दाखला काढा, तोही याच आठवड्यात. अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांची काळजी घेणाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देता येते, असं 8 ऑक्टोबर 2018 चं केंद्राचं परिपत्रक आहे. ही बदली ‘नेहमीची’ नाही, असं खातं म्हणू शकतं, पण दाखल्याशिवाय तुमचा मुद्दा ऐकलाच जाणार नाही. पती-पत्नीला एका ठिकाणी ठेवण्याचं 30 सप्टेंबर 2009 चं परिपत्रकही जोडा. मात्र अशा सूचनांनी कायदेशीर हक्क मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1993 च्या एस. एल. अब्बास प्रकरणात म्हटलंय, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

तरीही हुकूम निघाला, तर हजर व्हा. निवेदन पडून आहे म्हणून घरी बसलेल्या एका कर्मचाऱ्याची नोकरी गेली आणि सुप्रीम कोर्टानेही 1989 मध्ये त्याला दाद दिली नाही. रुजू होऊन मुंबईच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जा. फी 50 रुपये आहे. निवेदनाला सहा महिने उत्तर आलं नाही, तर पुढच्या एका वर्षात दाद मागता येते. हुकूम लगेच अंगावर येत असेल, तर तिथे तातडीची स्थगितीही मागता येते. रात्रीच्या सेटला (पाळीला) पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन-येऊन होत नाही, हेही तिथे लिहा. 

ठेकेदाराकडच्या मुलांनी आधी त्याने आपला पीएफ भरलाय का ते तपासावं. पाच वर्षं सलग काम झालं असेल तर ग्रॅच्युइटी मिळते, आणि वर्ष भरल्यावर कामावरून कमी केलं तर एक महिन्याची नोटीस आणि दरवर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई ठेकेदाराकडे मागता येते. त्यासाठी हजेरीचा पुरावा लागेल. पगाराच्या स्लिपा, गेटपास, बँकेच्या नोंदी, जे असेल ते त्यांनी आत्ताच जमवावं, कुलूप लागल्यावर तिथे विचारायलाही कुणी नसेल.