वाचकांचे प्रश्न : साथीत काम बसलं, तर सरकारी मदत घ्यायची का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी प्लंबर आहे, बावीस वर्षं स्वतःचं काम करतो, कुणाच्या हाताखाली नाही. धाकटा भाऊ पेंटिंगची कामं घेतो. २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा दोघांचीही कामं बसली, सरकारनं स्वतःचा धंदा करणाऱ्यांना मदत जाहीर केली, भावानं लगेच फॉर्म भरला आणि मी नाही भरला. माझं म्हणणं असं की हातात कला आहे, हातपाय धड आहेत, मग फुकटचं कशाला घ्यायचं, ज्याच्या घरी खरंच काही नाही त्याला मिळू दे. शिवाय कुणाची लाइन तुंबली, कुणाचा पाइप फुटला अशी माझी अर्जंट कामं अधूनमधून चालूच होती. पण तीन महिन्यांत शिल्लक संपली आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे मोडायला लागले. आजही विषय निघाला की घरात भांडण होतं, भाऊ म्हणतो तू मूर्खपणा केलास, मी म्हणतो तू लाज सोडलीस. उद्या परत अशी साथ आली तर काय करायचं ते सरळ सांगा.

उत्तर : दादा, सरळच सांगते. तुमचं काम खरंच बसलं होतं आणि तुम्ही नियमात बसत होता, तर ती मदत तुम्ही घ्यायला पाहिजे होती. तुमच्या मुलीचे पैसे मोडायची वेळ यायला नको होती, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

मी गेली बरीच वर्षं कारागीर लोकांचे हिशोब बघते, वायरमन, सुतार, गवंडी, टाइल्सवाले, सगळे येतात, आणि तुमच्यासारखं बोलणारे त्यात खूप भेटले. 'फुकटचं' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. पण जरा विचार करा, तुमचं काम का थांबलं? तुम्ही आळस केला म्हणून नाही, काम खराब केलं म्हणून नाही, तर घराबाहेर पडू नका, कुणाच्या घरात जाऊ नका असं सरकारनंच सांगितलं म्हणून. सगळ्यांच्या जिवासाठी तुमचा धंदा बंद ठेवायला लावला, मग त्याची थोडी भरपाई सगळ्यांच्या तिजोरीतून झाली तर त्यात भीक कुठून आली? नोकरदारांना मदत मिळाली तेव्हा त्यांना कुणी असं विचारलं नाही. ब्रिटनचंच बघा, तिथं २० मार्च २०२० ला नोकरदारांच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत सरकार देईल असं जाहीर झालं, आणि स्वतःचं काम करणाऱ्यांची योजना आली २६ मार्चला. मधले सहा दिवस तिथल्या कारागिरांनी कसे काढले असतील. नंतरच्या योजनेतही हिशोब तोच होता, सरासरी नफ्याचे ८० टक्के, तीन महिन्यांचे मिळून जास्तीत जास्त ७,५०० पौंड. म्हणजे तुम्ही आणि पगारी माणूस एकाच मापाचे, तुमच्याकडं फक्त पगाराची स्लिप नाही एवढाच फरक. अमेरिकेत तर स्वतःचं काम करणाऱ्याला बेकारी भत्ता एरवी मिळतच नाही, तोसुद्धा २७ मार्च २०२० च्या कायद्यानं त्यांना पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर मिळाला.

आता तुमचा दुसरा मुद्दा, ज्याला जास्त गरज आहे त्याला मिळू दे. मन मोठं आहे तुमचं, पण बऱ्याच योजनांमध्ये असं होत नाही. जो नियमात बसतो त्याला त्याच्या हिशोबाप्रमाणे रक्कम मिळते, तुम्ही सोडली म्हणून शेजारच्याची वाढत नाही, ती तिथंच राहते. हां, ठरावीक रकमेच्या योजना असतात, तिथं तुमचा विचार लागू पडतो. अमेरिकेत छोट्या धंद्यांच्या पगारासाठी कर्ज द्यायला ३४९ अब्ज डॉलर ठेवले होते, ते ३ एप्रिलला वाटायला सुरुवात झाली आणि १६ एप्रिलला संपलेसुद्धा, मागून येणाऱ्यांना पुढच्या रकमेची वाट बघावी लागली. अशा ठिकाणी ज्याचं निभतंय त्यानं मागं राहावं हे मलाही पटतं. पण आधी योजना कुठल्या प्रकारची आहे ते बघायचं, न बघताच त्याग करायचा नाही.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती कुणीच बोलत नाही. माझ्याकडं एक वायरमन येतात, वय पन्नाशीच्या पुढं, त्यांना मी हिशोबासाठी त्या वर्षाची डायरी घेऊन बोलावलं होतं. एप्रिलची पानं उघडली तर ओळीनं पार्ट्यांची नावं आणि प्रत्येकावर एक आडवी रेघ, कुठं 'कॅन्सल', कुठं 'नंतर फोन करतो'. पानंच्या पानं तशी. मग मध्येच एका तारखेला दोन कामं लिहिलेली, मेन स्विच बदलला, पंख्याचा कंडेन्सर टाकला, आणि खाली बारीक अक्षरात 'ताप. गोळी घेऊन गेलो.' मी विचारलं का गेलात हो, तर म्हणाले दहा दिवसांनी कुणीतरी बोलावलं होतं, नाही कसं म्हणू. त्या दोन घरांपैकी एका घरात म्हातारी माणसं होती. सुदैवानं कुणाला काही झालं नाही, पण ती ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांनीपण तुमच्यासारखाच फॉर्म भरला नव्हता, स्वाभिमान म्हणून. दादा, तुम्ही दिवसाला तीन-चार घरात जाता, सिंकखाली डोकं घालता, त्यांच्याच बाथरूममध्ये हात धुता. अंग गरम असताना 'आज येत नाही' म्हणायची ताकद ज्या पैशातून येते तो पैसा फुकटचा नाही, त्यातून तुम्ही लोकांचा जीव सांभाळत असता.

कुणी म्हणतं मदत नको, कर्ज घेऊ, म्हणजे मान राहतो. कर्ज वाईट नाही, पण तो वेगळा विषय आहे. १ जून २०२० ला सुरू झालेल्या पीएम स्वनिधीत फेरीवाल्यांना १०,००० रुपयांपर्यंत मिळत होते ते कर्जच होतं, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सवलत. माल भरून धंदा परत उभा करायला असं कर्ज उपयोगी पडतं. पण काम बंद असताना घर चालवायला कर्ज काढलं तर काम सुरू झाल्या झाल्या पहिली कमाई हप्त्यात जाते, आणि काम किती दिवसांनी सुरू होणार हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. मानासाठी एवढी किंमत देऊ नका.

आता भावाची बाजू. मी त्याला सरसकट बरोबर म्हणणार नाही, कारण किती दिवस घेतली आणि तेव्हा काम किती होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या बंदीत घेतली तर शंभर टक्के बरोबर. पण पुढं काय झालं आठवा, लोक घरात बसून होते, ज्या भिंती दहा वर्षं बघितल्या नव्हत्या त्या रोज दिसायला लागल्या, आणि बंदी उठल्यावर पेंटर, सुतार यांना बऱ्याच ठिकाणी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तेव्हाही पुढचा हप्ता जाहीर झाला म्हणून सवयीनं फॉर्म भरत राहणं हे चूक, त्याला मी चूकच म्हणते. ब्रिटनमध्ये म्हणूनच नियम कडक केले, मदतीच्या तिसऱ्या हप्त्यापासून साथीमुळं नफ्यात मोठी घट होईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं, असं लिहून द्यावं लागायचं. सही तुमची असते, जबाबदारीपण तुमची.

तुम्ही लिहिलंय की अर्जंट कामं चालू होती म्हणून हक्क नाही असं वाटलं. हे देशादेशात वेगळं होतं. ब्रिटनमध्ये मदत घेऊन काम करायला परवानगी होती, धंद्याला फटका बसलेला असला की झालं. कॅनडात सुरुवातीला काम थांबलेलंच पाहिजे असा नियम होता, मग एप्रिल २०२० मध्ये महिन्याला १,००० डॉलरपर्यंत कमाई चालेल असं केलं. म्हणजे दोन-चार फुटलेले पाइप जोडले म्हणून माणूस बाद होतो असं आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही, नियम वाचायचा, नाहीतर वाचणाऱ्याला विचारायचं.

कारण नियम न वाचता घेणाऱ्यांचेही हाल झालेत. कॅनडातच बघा, आधीच्या वर्षात ५,००० डॉलर कमाई पाहिजे होती, पण स्वतःचं काम करणाऱ्यानं ती खर्च वजा करून धरायची का न करता हे नीट सांगितलंच नव्हतं, लोकांनी आपल्या समजुतीनं फॉर्म भरले आणि २०२० च्या शेवटी घरी पत्रं आली की पैसे परत करावे लागतील. केवढी झोप उडाली असेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारनं माघार घेतली तेव्हा सुटले. जर्मनीत एकट्यानं काम करणाऱ्यांना तीन महिन्यांसाठी ९,००० युरोपर्यंत दिले, पण ते धंद्याच्या चालू खर्चासाठी, म्हणजे गाळ्याचं भाडं, गाडीचे हप्ते असलं, घरखर्चाला नाही. ज्याचं दुकान म्हणजे पाठीवरची हत्यारांची पिशवी त्याला असा कितीसा खर्च असणार? ज्यांनी त्यातून घर चालवलं त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर परत भरावे लागले.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण इतके हिशोब बघून मी ती बोलणारच. काहीजण फॉर्म भरत नाहीत ते स्वाभिमानासाठी नाही, तर आधीच्या वर्षांत रोखीचं काम कधी दाखवलंच नाही म्हणून. तुमचं तसं आहे असं मी म्हणत नाही. पण रक्कम तुम्ही भरलेल्या रिटर्नवरून काढली जाते तिथं, ज्यानं चार वर्षं निम्मीच कमाई दाखवली त्याला मदतपण निम्मीच मिळाली, आणि तेव्हा तो सरकारला शिव्या देत माझ्यासमोर बसला होता. आणि हो, बऱ्याच ठिकाणी ही मदत उत्पन्नच धरली जाते, त्यावर टॅक्स लागतो, तेव्हा आली की थोडी बाजूला काढून ठेवायची, सगळी खर्चून टाकायची नाही.

भावाशी भांडण मिटवा. त्यानं लाज सोडली नाही आणि तुम्हीपण मूर्ख नाही, तुम्हाला त्या दिवसात नीट सांगणारं कुणी भेटलं नाही.

प्रश्न : मी सुतारकाम करते, साथ आली तेव्हा स्वतःचं सुरू करून वर्षपण झालं नव्हतं. कुठंच नाव नाही म्हणून काही मिळालं नाही. आमच्यासारख्यांचं काय?

उत्तर : तुमच्यावर अन्याय झाला, आणि अशा तुम्ही एकट्या नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ नंतर धंदा सुरू केलेले सगळे पहिल्या तीन मदतींतून बाहेर राहिले, कारण सरकारकडं त्यांचा वर्षभराचा हिशोबच नव्हता, चौथ्या वेळी नवीन रिटर्न धरले तेव्हा त्यातले काही आत आले. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ मध्ये १,५०० रुपये जाहीर झाले तेही नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांना, परवाना असलेल्या रिक्षावाल्यांना. सगळीकडं यादी आधी, माणूस नंतर. घाईत पैसे पोचवायचे तर यादी लागते हे मला कळतं, पण ज्याचा धंदा नवा आहे त्याच्याकडंच शिल्लक सगळ्यात कमी असते, त्याच्यासाठी वेगळी सोय करायला पाहिजे होती, आणि हे आपण मागत राहिलं पाहिजे.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. जिथं नोंदणी होते तिथं आजच नाव घाला, बिलबुक छापा, चारशेचं बिजागराचं काम असलं तरी बिल फाडा आणि पैसे बँकेतून घ्या. तोंडी कामाचा पुरावा कुणी धरत नाही.

प्रश्न : मदत घेतली आणि महिन्याभरात काम जोरात आलं. परत करावी का? मनाला टोचतं.

उत्तर : फॉर्म भरला त्या दिवशी परिस्थिती काय होती ते बघायचं, नंतरची नाही. त्या दिवशी कामं रद्द झालेली होती, पुढचं काही दिसत नव्हतं आणि तुम्ही खरं तेच लिहिलं, तर ते पैसे तुमचे आहेत, टोचून घेऊ नका. पण भरतानाच तुम्ही बसत नव्हता असं नंतर लक्षात आलं असेल तर आपणहून कळवा, वाट बघू नका. ब्रिटनमध्ये त्याला पैसे मिळाल्यापासून ९० दिवसांची मुदत होती, तुमच्याकडं काय आहे ते योजनेच्या कागदावर असेल. आणि रद्द झालेल्या कामांचे मेसेज फोनमधून उडवू नका, त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, डायरीपण जपून ठेवा, चार वर्षांनी कुणी विचारलं तर तेच दाखवायचं असतं.