अमेरिकी नेत्याने स्वतःला ‘जगाचा नागरिक’ म्हटलं की त्याच्याच देशात लोक का बिथरतात?

कारण परदेशात टाळ्या वाजवणाऱ्यांना अमेरिकेत मत नसतं, आणि मत असणाऱ्यांना त्या टाळ्या खुपतात.

२४ जुलै २००८ची बर्लिनची संध्याकाळ घ्या. ओबामा तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे नुसते उमेदवार होते. त्यांना ब्रांडेनबुर्ग गेटपाशी बोलायचं होतं, पण जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केलबाईंना ते काही रुचलं नाही. मग सभा विजयस्तंभापाशी झाली. गर्दी सुमारे २ लाख! तिथे ते म्हणाले, मी अमेरिकेचा अभिमानी नागरिक म्हणून आणि जगाचा सहनागरिक म्हणून बोलतोय. आठवडाभरात प्रतिस्पर्धी उमेदवार मॅकेन यांच्या प्रचाराची जाहिरात आली. त्यात हीच गर्दी, आणि शेजारी ब्रिटनी स्पिअर्स व पॅरिस हिल्टन. म्हणजे हा नेता नव्हे, नुसता सेलिब्रिटी. (नोव्हेंबरात निवडून आले ते ओबामाच, ही गोष्ट वेगळी.)

गंमत अशी की १९८२मध्ये संयुक्त राष्ट्रांत तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीही, मी अमेरिकेचा आणि जगाचा नागरिक म्हणून बोलतोय, असंच म्हटलं होतं. पण रेगन यांच्या देशभक्तीवर शंका कोण घेणार? त्यामुळे माझ्या मते शब्दांपेक्षा बोलणारा कोण, यावर सगळं ठरतं. २०१६मध्ये ट्रम्प यांनी तर ‘जागतिक नागरिकत्वाचा दाखला नसतो’ असं सांगून टाळ्या घेतल्या.

बाहेरचं प्रेमही काही कायमचं नसतं म्हणा. मर्केल यांचा फोन अमेरिकेने ऐकल्याच्या बातम्या २०१३मध्ये आल्या, आणि त्याच बर्लिनमध्ये ओबामांबद्दलचा सूर बदलला.