ग्राहकाचे खाते का उघडत नाही? ऑनलाइन दुकानदारांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : दादरला आमचे साड्यांचे दुकान आहे आणि वूकॉमर्सवर (वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीला जोडलेली ऑनलाइन दुकानाची व्यवस्था) संकेतस्थळ चालते. अनेक ग्राहक ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबतात, पण त्यांना ईमेल येतच नाही. सणासुदीला असे रोज पाच-सहा फोन येतात. त्यांना नवीन खाती उघडून द्यावीत का?

उत्तर : कृपया तसे करू नका. एकाच ग्राहकाची दोन खाती झाली की जुन्या ऑर्डरी एकीकडे आणि नव्या दुसरीकडे राहतात, आणि मूळ बिघाड मात्र तसाच राहतो. लॉगिन होत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी खरे तर ईमेलच्या असतात, हे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. म्हणून ग्राहकाच्या खात्याला हात लावण्याआधी ईमेल नेमके कुठे अडले ते शोधावे. पाठवलेल्या ईमेलची नोंद ठेवणारे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवा आणि आपल्या स्वतःच्या जीमेलवर व दुसऱ्या एखाद्या सेवेच्या पत्त्यावर पासवर्ड बदलण्याची विनंती करून पाहा. नोंदीत ईमेल दिसलेच नाही तर दोष संकेतस्थळाच्या मांडणीत किंवा एखाद्या प्लगइनमध्ये आहे. नोंद दिसते पण ईमेल पोहोचत नाही, असे असेल तर दोष पाठवण्याच्या पद्धतीत आहे.

दुसरा प्रकार फार अधिक आढळतो. वेगळी व्यवस्था केली नसेल तर वर्डप्रेस होस्टिंगच्या सर्व्हरवरूनच (संकेतस्थळ ज्या कंपनीच्या संगणकावर ठेवलेले असते तिथूनच) ईमेल सोडते. त्या सर्व्हरवर इतरही अनेक संकेतस्थळे नांदत असतात, आणि हे ईमेल खरोखर आपल्याच दुकानाचे आहे याचा पुरावा त्यासोबत बहुधा जात नाही. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून याबाबतचे नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 किंवा त्याहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही बंधनकारक आहेत. त्याहून लहान दुकानांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतेच. आपल्या डोमेनच्या (संकेतस्थळाच्या नावाच्या) वतीने कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात याची यादी म्हणजे एसपीएफ. प्रत्येक ईमेलवर उमटणारी डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. आणि या दोन्ही तपासण्या फसल्यास त्या ईमेलचे काय करावे याची सूचना म्हणजे डीमार्क. दुकान लहान असले तरी ही तिन्ही करून घ्यावीत आणि ईमेल एखाद्या विश्वासार्ह सेवेच्या एसएमटीपीमार्फत (ईमेल पाठवण्याची प्रमाणित पद्धत) पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे करताना दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे ईमेल पाठवण्याची नवीन सेवा घेतली की तिची एसपीएफ नोंद जुनीच्या शेजारी वेगळी लिहिली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते, दोन आढळल्या तर तपासणीच फसते. म्हणून दोन्ही सेवा एकाच ओळीत याव्यात. दुसरी म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून दुकानदाराचे जीमेल दिलेले असते. आपल्या सर्व्हरवरून जीमेलच्या नावाने आलेले पत्र जीमेलला संशयास्पद वाटणारच. आपल्या डोमेनचाच पत्ता द्या, मग जीमेलमध्ये ते ईमेल उघडून त्याचा मूळ मजकूर (‘Show original’) पाहा. तिन्ही तपासण्यांपुढे ‘पास’ दिसेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नका.

प्रश्न : लालबागला आमचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. आमच्या वर्डप्रेसच्या संकेतस्थळावरून ग्राहकांना ईमेल मिळते, पण त्यातली लिंक ‘अवैध’ असल्याचे दिसते.

उत्तर : ईमेल उशिरा पोहोचते, तोवर ग्राहक अधीर होऊन तीन वेळा बटण दाबतो, आणि मग सर्वांत आधी आलेले ईमेल उघडतो. वर्डप्रेसमध्ये नवी विनंती केली की आधीची लिंक रद्द होते, आणि शेवटची लिंकही साधारणपणे 24 तासच चालते. सर्वांत शेवटी आलेलेच ईमेल उघडावे, असे वाक्य त्या पानावर ठळकपणे लिहा. मात्र उशीर का होतो याचा शोध वरच्या उत्तराप्रमाणे घ्यावाच लागेल.

प्रश्न : पार्ल्यात आम्ही दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी ऑनलाइन घेतो. पासवर्ड बरोबर असूनही ग्राहक पुन्हा लॉगिनच्याच पानावर येतो. गेल्या आठवड्यात तर एका बाईंना दुसऱ्याच कुणाचे नाव आणि पत्ता दिसला.

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य अतिशय गंभीर आहे. हे वाचताच, आधी संकेतस्थळाची कॅश संपूर्ण बंद करा. पाने थोडी सावकाश उघडली तरी चालेल, पण एका ग्राहकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणे कोणत्याही कारणाने चालणार नाही. पाने वेगाने दिसावीत म्हणून कॅश त्यांची तयार प्रत ठेवते आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच दाखवते. दुकानाच्या पहिल्या पानाला हे ठीक आहे. ‘माझे खाते’ या पानाची प्रत ठेवली गेली तर आधीच्या ग्राहकाची माहिती पुढच्याला दिसते. लॉगिनच्या पानात एक मर्यादित मुदतीचा सुरक्षा-संकेतही असतो, आणि साठवलेल्या प्रतीतला संकेत शिळा झाला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. खाते, खरेदीची टोपली आणि पैसे भरण्याचे पान ही तिन्ही कॅशमधून वगळा. हे प्लगइनमध्ये करून थांबू नका, कारण होस्टिंगची आणि सीडीएनची (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या सेवेची) कॅश वेगळी असते. त्यानंतर दोन वेगळ्या मोबाइलवरून दोन वेगळ्या खात्यांत शिरून तपासा, आणि मगच कॅश पुन्हा सुरू करा. ज्यांची माहिती उघड झाली त्यांना आपण होऊन कळवावे.

प्रश्न : आम्ही दुकान शॉपिफायवर (ऑनलाइन दुकानाची तयार सेवा) हलवले, तेव्हापासून जुने पासवर्ड चालत नाहीत.

उत्तर : ते चालणार नाहीतच. पासवर्ड मूळ स्वरूपात साठवलेला नसतो. त्याचे एकमार्गी रूपांतर साठवलेले असते आणि ते शॉपिफायवर नेता येत नाही. शॉपिफायच्या नव्या पद्धतीच्या ग्राहक-खात्यांत तर पासवर्डऐवजी ईमेलवर सहा अंकी कोड येतो. म्हणजे ईमेल पोहोचले नाही तर या कोडने ग्राहकाला आत येता येत नाही. आधी डोमेनच्या तिन्ही नोंदी (एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क) तपासा, मग जुन्या ग्राहकांना थोड्या थोड्या संख्येने कळवा.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानात वृद्ध ग्राहकांचे फोन येतात. नाव नोंदवताना ‘कॉम’च्या जागी ‘कॉन’ टाइप झालेले असते आणि ते फोनवरच ईमेल बदलून मागतात. बदलून द्यावे का?

उत्तर : द्यावे, पण ओळख पटल्यावरच. ईमेल ज्याच्या हाती गेले त्याच्या हाती सगळे खाते जाते, हे आपल्या फोन घेणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला समजावून सांगा. आवाज ओळखीचा वाटला म्हणून बदल करू नये. आलेला फोन ठेवून, खात्यात आधीपासून नोंदलेल्या मोबाइलवर आपण स्वतः फोन करावा आणि अलीकडच्या ऑर्डरीचा तपशील विचारावा. पासवर्ड किंवा ओटीपी कधीही विचारू नये. आजी-आजोबा विश्वासाने तो सांगून टाकतात, आणि एकदा दुकानाला सांगायची सवय लागली की उद्या ते भामट्यालाही सांगतील. आपणच पासवर्ड ठरवून तो फोनवर सांगणेही टाळा. पत्ता दुरुस्त करून नवी लिंक पाठवा आणि ती उघडेपर्यंत शांतपणे फोनवर थांबा.

एक बारीक गोष्ट. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही, पण आपले संकेतस्थळ मोजते. त्यामुळे टिंब देऊन खाते उघडलेला ग्राहक टिंबाशिवाय पत्ता टाकतो आणि ‘असे खाते नाही’ असे वाचून गोंधळतो. नाव आणि मोबाइल क्रमांकावरूनही खाते शोधून पाहावे. पत्ता बदलल्यावर जुना पत्ता चालू असेल तर त्यावरही सूचना गेली पाहिजे, आणि त्याच दिवशी कुणी पुस्तके पोहोचवण्याचा पत्ताही बदलून मागितला, तर पार्सल पाठवण्यापूर्वी नोंदलेल्या मोबाइलवर पुन्हा एकदा फोन करावा.