भर सामन्यात फौजदाराने माइक काढून घेतला, त्याला तसा अधिकार आहे का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: गावातल्या रात्रीच्या कबड्डी स्पर्धेत बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराने पुढच्या रांगेतली माणसं उठवून आपले पाहुणे बसवले, उपांत्य सामना रंगात असताना समालोचकाचा माइक काढून घेतला आणि विचारायला गेलेल्या पंचाला 'तीनशे त्रेपन्न' (सरकारी नोकरावर हल्ल्याचं कलम) लावीन असा दम दिला. हे त्याला करता येतं का आणि तक्रार कुठे करायची?

पाहुणे बसवणं आणि दम देणं अजिबात करता येत नाही. माइकचं उत्तर घड्याळ आणि तुमचं परवानगीपत्र बघून मिळेल. तक्रारीचं मात्र काय होणार ते आत्ताच सांगतो. साहेब चहा पाजतील, 'गैरसमज झाला' म्हणतील, आणि तुमच्याच मंडळाचे अध्यक्ष 'पुढच्या वर्षी परत परवानगी लागणार आहे' म्हणून तुम्हाला दंडाला धरून बाहेर आणतील. मंडळांचे परवानगीचे कागद करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पोलिसांइतकाच राग मला आपल्या लोकांचाही येतो.

पहिल्या रांगेपासून घेऊ, दादागिरी तिथूनच सुरू होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं कलम ४१ वाचा. लोकांना खुल्या असलेल्या ठिकाणी मोठा गोंधळ होऊ नये, कुणाच्या जिवाला धोका होऊ नये, यासाठी तिथे हजर असलेला, शिपायाच्या वरच्या दर्जाचा सर्वांत वरिष्ठ पोलीस अधिकारी वाजवी सूचना देऊ शकतो. लोक कसे आत सोडायचे, वाट कुठे मोकळी ठेवायची, अशा. पोलिसांना तिथे मुक्त प्रवेशही आहे. याचा अर्थ ड्युटीवरच्या पोलिसाला गेटवर अडवायचं नाही, एवढाच. मेहुण्याला सोफा असं त्या कलमात कुठे लिहिलेलं नाही. गॅलरीच्या तोंडाशी चेंगराचेंगरी होईल म्हणून चाळीस माणसं उठवली तर ती सूचना वाजवी. चाळीस उठवून त्याच जागेवर आठ पाहुणे बसवले, की सुरक्षेचा मुद्दा संपला.

पण सोफा मांडला कुणी? मंडळानेच ना? पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती' म्हणून ठाण्याच्या साहेबांचं नाव मोठ्या अक्षरात, मग शाल-श्रीफळ, मग विजेत्याला चषक त्यांच्याच हस्ते. ज्याला यजमानाने पाटावर बसवलं तो बंदोबस्ताचा अधिकारी राहत नाही, पाहुणा होतो, आणि पाहुणा आणखी चार पाहुणे आणतो. उपाय साधा आहे. गेटजवळ एक टेबल लावा, दोन-चार खुर्च्या, पाण्याचा जार, चार्जिंगचा पॉइंट, शेजारी आयोजकांचे फोन नंबर आणि रुग्णवाहिकेचा नंबर चिकटवलेला पुठ्ठा. वर फलक 'बंदोबस्त कक्ष'. खुर्च्यांची तोंडं गेटकडे ठेवा, मॅटकडे नाही. मॅटलगत फक्त पंच, गुणलेखक, राखीव खेळाडू आणि डॉक्टर. बाकी खुर्च्यांना नंबर टाका.

आता माइक. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लावताच येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत मिळते, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवाला, आणि ते दिवस जिल्हाधिकारी आधी जाहीर करतात. तुमची स्पर्धा त्यातल्या एखाद्या दिवशी पडली तर ठीक, नाहीतर कबड्डी कितीही आपल्या मातीतली असली तरी ती त्यात बसत नाही. पण नियम भोंग्याला आहे. दहा वाजता भोंगा बंद करायचा असतो, सामना नाही. शिट्टी, गुणफलक आणि पंचांचे हात यावर सामना पुरा होऊ शकतो. पंचांच्या खुणा ओळखत नाही असा प्रेक्षक कबड्डीला कुठे असतो?

मुळात दहा वाजायची पाळी का येते? हिशोब करा. पुरुषांचा सामना २० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटं, म्हणजे ४५. टाइम-आउट, दुखापत, वादावादी धरली की ५५. पुढचा संघ मॅटवर येईपर्यंत एक तास गेलाच. बादफेरीत १६ संघ म्हणजे १५ सामने. दोन मैदानं असली तरी पहिल्या फेरीला चार तास, उपउपांत्यला दोन, उपांत्यला एक आणि अंतिमला एक, असे आठ तास. दुपारी दोनला पहिली चढाई पडली तर रात्री दहाला चषक उचलला जाईल. आपल्याकडे उद्घाटन साडेसातला, कारण आमदारांची गाडी त्या आधी पोहोचत नाही. मग मध्यरात्री उपांत्य सामना चालतो आणि आपण पोलिसांच्या नावाने बोटं मोडतो. एक तर स्पर्धा तीन दिवसांची करा, नाहीतर आमदारांना थेट अंतिम सामन्यालाच बोलवा.

दहाच्या आधी आवाजावरून माइक बंद करायला सांगितला तर 'किती डेसिबल मोजला?' हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर भोंग्याचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्यापुढे जाऊ नये. अंदाजाने 'लई मोठा आहे' हे मोजमाप नाही. दोन मोठे भोंगे गावाकडे तोंड करून टांगण्यापेक्षा चार छोटे स्पीकर माणसाच्या उंचीवर, मैदानाकडे वळवून लावा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

अॅम्प्लिफायर उचलून नेला तर ती जप्ती झाली. जप्तीला पंचनामा लागतो, दोन पंच (खेळातले नव्हे, साक्षीदार) लागतात, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १०५ मध्ये आता जप्तीचं चित्रीकरणही आहे. 'सकाळी ठाण्यात येऊन घेऊन जा' ही जप्ती नव्हे, ही उचलेगिरी. साउंडवाल्याच्या मिक्सरचा आणि अॅम्प्लिफायरचा सीरियल नंबर दिसेल असे फोटो स्पर्धेआधीच काढून ठेवा, नाहीतर वस्तू सोडवायला कोर्टात गेल्यावर 'हा तुमचाच कशावरून' इथपासून सुरुवात होते.

तीनशे त्रेपन्नचं भूत तर उतरवलंच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेतलं ते कलम भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे. त्याला सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. 'साहेब, कोणत्या नियमाने?' असं दोन हात लांबून विचारणं यात बसत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची, त्यामुळे सरसकट अटकही नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटकेची कारणं लिहावी लागतात, एरवी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहा अशी नोटीस द्यायची असते. पण त्यांच्या हाताला हात लावू नका, माइकची ओढाओढ करू नका. ओढाओढीचा व्हिडिओ पाच सेकंदांचा कापला की तो तुमच्याच विरुद्ध जातो.

आणि आता जे कुणीच करत नाही ते. कबड्डीत तुमच्याकडे एक हक्काचा कागद असतो, गुणपत्रिका. सामना थांबला त्या क्षणी सरपंचाने (गावच्या नव्हे, सामन्याच्या मुख्य पंचाने) गुणलेखकाला शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सांगायचं: 'दुसरा डाव, ११ मिनिटं शिल्लक, गुण २२-१९, वेळ ९.४७, पोलिसांच्या सांगण्यावरून खेळ थांबवला. ९.५९ ला सुरू.' खाली सरपंच आणि दोन्ही कर्णधारांच्या सह्या. दोन संघ एकमेकांचे वैरी, तरी एका ओळीवर दोघांची सही. यापेक्षा तटस्थ साक्षीदार गावात मिळायचा नाही. व्हिडिओ ज्या मोबाइलवर काढला त्यातच मूळ फाइल राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली प्रत दाबलेली असते. व्हिडिओ कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो कोणत्या उपकरणातला हे लिहावं लागतं.

तक्रार ठाण्यात तोंडी करू नका. लेखी द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे. तिथेही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: त्या रात्रीचा बंदोबस्त आदेश आणि स्टेशन डायरीतल्या नोंदी मागा. फौजदार त्या रात्री रजेवरच होता असंही निघतं कधीकधी, मग कलम ४१ चा प्रश्नच मिटला. अधिकाराच्या गंभीर गैरवापरासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाशसिंग निकालामुळे ते आलं आणि आपल्या पोलीस अधिनियमात कलम २२-प खाली बसलं. मुदतीकडे लक्ष ठेवा. त्याच अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे कर्तव्याच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल खटला सहा महिन्यांत भरावा लागतो. सरकारची मंजुरी असेल तर फौजदारी खटल्याला दोन वर्षं.

राहिलं पाकीट. 'देऊन टाका, स्पर्धा तर होते ना' असं म्हणणारा खजिनदार प्रत्येक मंडळात असतो, आणि त्याच्याशी माझं कधीच जमलेलं नाही. जादा पोलीस हवे असतील तर पोलीस अधिनियमाच्या कलम ४७ खाली अर्ज करा, खर्च तुमचा, आणि पैसे सरकारी पावतीवर. मुंबईतल्या मोठ्या क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचा दर सरकारने २०२३ मध्ये कमी केला, तोही २०११ पासून मागे जाऊन, आणि त्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. म्हणजे तिथे वाद तरी कागदावर आहे. तुमच्या खजिनदाराचं पाकीट मात्र हिशोबाच्या वहीत 'किरकोळ' म्हणून लागतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. मागणी झाली की पैसे देण्याआधी १०६४ वर फोन करा. लाचलुचपतवाले आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, मग नोटांना अँथ्रासिन पावडर लावून सापळा लावतात.

पोलिसांची बाजूही आहे. तेलंगणातल्या सूर्यापेटला मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय कुमार कबड्डीची गॅलरी कोसळून शंभरावर माणसं जखमी झाली. बंगळुरूला ४ जून २०२५ ला स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला, आणि निलंबित झाले ते पोलीस आयुक्त. गॅलरीचं स्थैर्य प्रमाणपत्र मागितलं तर त्याला त्रास म्हणू नका, आणून द्या.

आणि वर भोंगा आणि सामना वेगळे म्हणालो, त्याला एक अडचण आहे. परवानगीपत्रातच 'कार्यक्रम रात्री १० पर्यंत' असं छापलेलं असेल, किंवा पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू असेल, तर ते सगळं तुमच्या कामाचं नाही. म्हणून अर्जातच दोन वेगळ्या ओळी लिहा: 'ध्वनिक्षेपक रात्री १० पर्यंत' आणि 'सामने ११.३० पर्यंत, ध्वनिक्षेपकाशिवाय'. दुसरी ओळ त्यांनी खोडली तर खोडणाऱ्याची सही घ्या.