साइटवरून फायनान्सकडे : निबंधात कारण काय लिहायचं?

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर. मेट्रोचं काम करणाऱ्या कंत्राटदार कंपनीत पाच वर्षं साइटवर आहे. एमबीए करून इन्फ्रा फायनान्समध्ये (पायाभूत प्रकल्पांसाठी पैसा उभा करण्याच्या कामात) जायचंय. प्रवेश अर्जाच्या निबंधात लिहिलंय, ‘साइटवर वाढीला वाव नाही आणि फायनान्सची पहिल्यापासून आवड आहे.’ एवढं पुरे का?

उत्तर : नाही पुरणार. पहिला भाग तक्रारीसारखा वाचला जातो. दुसऱ्यावर मुलाखतीत लगेच विचारतील, ‘मग पाच वर्षांत त्यासाठी काय केलंत?’

तुमचं खरं कारण साइटच्या कागदांतच सापडेल. अडकलेलं एखादं आरए बिल (चालू कामाचं, झालेल्या टप्प्यापुरतं बिल) घ्या. एमबीवर (कामाच्या मोजमाप वहीवर) सही कधी झाली, बिल किती दिवस पडून राहिलं, तोवर स्टीलवाल्याचे आणि लेबरचे पैसे कुठून भागवले, वाढीव व्याज कोणाच्या अंगावर आलं, हे दीडशे शब्दांत मांडा. नावं आणि गोपनीय रकमा गाळा. दिवस आणि टक्के चालतील. त्यापाठोपाठ ‘पिअर (पुलाचे खांब) वेळेत उभे राहूनही प्रकल्प पैशापायी का रखडतो, ते मला शिकायचंय’ असं लिहिलंत तर पटतं. प्रसंग मात्र एकच. तीन घातले की तिन्ही पोकळ होतात.

‘इन्फ्रा फायनान्स’ फार मोघम आहे. बँकेचा प्रोजेक्ट फायनान्स विभाग, नॅबफिड (पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी सरकारी संस्था), की इनव्हिट (गुंतवणूकदारांचे पैसे पायाभूत प्रकल्पांत लावणारा ट्रस्ट)? पदही लिहा. कर्जाचा हप्ता सुटण्याआधी बँकांच्या वतीनं कामाची प्रगती तपासणारा लेंडर्स इंडिपेंडंट इंजिनिअर असतो. तुमच्या अनुभवापासून बँकेच्या टेबलापर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता तोच. अशा एकदोघांशी बोलून घ्या आणि काय कळलं ते निबंधात येऊ द्या.

‘मग सीएफए का नाही?’ हे विचारतीलच. फायनान्समधल्या या व्यावसायिक परीक्षेला नावं ठेवू नका. नव्या क्षेत्रात शिरायला कॅम्पस प्लेसमेंट हवी, हे सरळ सांगितलेलं चालतं.

कोर्स निवडताना इंटर्नशिप बघा. दोन वर्षांच्या कोर्समध्ये समर इंटर्नशिप असते, एका वर्षाच्या कोर्समध्ये बहुधा नसते. इन्सिअॅड या परदेशी बिझनेस स्कूलच्या जानेवारी बॅचला तिच्यासाठी उन्हाळ्यात सवड मिळते. इंटर्नशिप नसेल तर क्षेत्र बदलण्याची तयारी आधीच दिसायला हवी : सीएफएची पहिली पातळी, किंवा एखाद्या इनव्हिटच्या जाहीर अहवालावरून एक्सेलमध्ये स्वतः काढलेला डीएससीआर (कर्जाचे हप्ते भागवायला कमाई किती पुरते, ते दाखवणारं गुणोत्तर).

शिफारसपत्र देणाऱ्या साहेबांना हे सगळं फॉर्म भरण्याआधीच सांगा. नाहीतर ते कौतुकानं लिहितील, ‘हा आमचा पुढचा प्रोजेक्ट मॅनेजर!’