नुसतं ‘आशीर्वाद दे’ म्हणून थांबू नकोस

प्रिय बाळा,

सलाम. तुझा मेसेज वाचला. घरसभेला, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमणाऱ्या प्रार्थनेच्या ग्रुपला, नियमित जातेस पण आत काही होत नाही, सगळे पाळीपाळीने तेच बोलतात, नोकरी, तब्येत, परीक्षा, मग एकजण प्रार्थना करतो, चहा होतो आणि जो तो आपल्या ट्रेनला पळतो. ग्रुप बदलू का, असं विचारलंस. माझं म्हणशील तर आत्ता बदलू नकोस. आधी तुम्ही प्रार्थनेत मागता काय, ते एकदा बघा.

आपलं मागणं फार मोघम झालंय गं. ‘प्रभू, सगळ्यांना सांभाळ, सगळ्यांना आशीर्वाद दे.’ यात चुकीचं काही नाही, पण मग पुढच्या शुक्रवारी देवाने काय दिलं हे कुणाला कळणार आणि उपकारस्तुती तरी कशाची करणार? बायबलमधला बार्तीमय आंधळा आहे हे येशूला दिसत नव्हतं थोडंच, तरी त्याने विचारलंच, मी तुझ्यासाठी काय करावं म्हणतोस? त्याच्या तोंडून त्याला ऐकायचं होतं. हाच प्रश्न ग्रुपमध्ये एकमेकांना विचारायला लागा, बराच फरक पडतो.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय सावकाश वाच. हा यहुदी माणूस पारसच्या राजाकडे चाकरीला होता. यरुशलेमचा कोट पडलाय हे कळलं तेव्हा किसलेव महिना होता आणि राजापुढे बोलायची वेळ आली नीसानमध्ये, म्हणजे मध्ये जवळपास चार महिने गेले. त्याची सुरुवात रडण्याने, उपासाने आणि आम्ही पाप केलंय या कबुलीने झाली, पण राजाने काय पाहिजे विचारलं तेव्हा त्याच्याकडे सगळं तयार होतं, किती दिवस लागतील, कुठल्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, वेशींच्या लाकडासाठी वनाच्या रखवालदाराला, आसाफला, चिठ्ठी हवी. लाकडापर्यंत विचार झालेला! मला वाटतं ते त्याला प्रार्थनेतच सुचत गेलं असणार. हेतू धरून प्रार्थना करणं म्हणजे हेच, मागता मागता आपल्याला काय करायचंय तेही कळत जातं.

पण नेमकं मागायचं म्हणजे फक्त अडचण दूर कर एवढंच मागायचं असं नाही हां. प्रेषित पौल तुरुंगातून कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना, लिहितो की माझ्यासाठी प्रार्थना करा, दार उघडावं म्हणून. कुठलं दार? तुरुंगाचं नाही, देवाचं वचन सांगण्यासाठी दार! आणि त्यांच्यासाठी तो काय मागतो तर त्यांना देवाची इच्छा समजावी, धीर मिळावा, त्यांचं वागणं प्रभूला शोभेल असं व्हावं. म्हणून कुणी म्हणालं ऑफिसमध्ये बॉसचा फार त्रास आहे तर दुसरी नोकरी मिळू दे हे मागाच, पण ती मिळेपर्यंत या माणसाचं मन कडवट होऊ नये हेही मागा. आत्मिक वाढ होते ती या दुसऱ्या मागण्यात, आणि नेमकं तेच आपण विसरतो.

आमच्या विक्रोळीच्या ग्रुपमध्ये एक ताई येतात, त्यांना विचारूनच हे लिहितेय. दर वेळी एकच विनंती, मुलगा सुधारू दे. एकदा कुणीतरी हळूच विचारलं, ताई, तुम्हाला स्वतःसाठी काय हवंय? त्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत-काढत बसल्या आणि मग म्हणाल्या, मला त्याच्याशी न ओरडता बोलता यावं. त्या दिवसापासून आम्ही ते मागितलं. मुलगा अजून चर्चला येत नाही. पण आता तो आईचा फोन उचलतो आणि त्या दोघांचं बोलणं होतं, भांडण न होता. हे आम्हाला कळलं कारण आम्ही मागितलं काय होतं ते आम्हाला माहीत होतं.

असं कुणी मन मोकळं केलं की ते त्या खोलीबाहेर जाता कामा नये, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नाही. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा बरं का’ म्हणत दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी गावभर होतात, हे मी खूप वाईट मानते. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं लिहिलंय, पण जिथे विश्वास नाही तिथे कोण कबूल करेल? तो विश्वास बसायला वेळ लागतो, म्हणून म्हटलं ग्रुप लगेच बदलू नकोस.

आणि मागितलं ते मिळालं नाही तर? बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, बारावा अध्याय. हेरोदाने योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारलं, आणि त्याच अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटला. प्रार्थना करणारी मंडळी तीच. पेत्रासाठी मार्कच्या आईच्या घरी लोक प्रार्थना करत होते आणि तो दारात उभा आहे हे सांगणाऱ्या मुलीला ते म्हणाले तुला वेड लागलंय. म्हणजे त्यांचाही विश्वास काही फार मोठा नव्हता. त्यामुळे आजारी माणसाला तुझा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबव, आणि त्याची औषधं चालू राहू देत.

पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या सुरुवातीला केडगावला मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावलं तेव्हाही मागणं ठरलेलं होतं, ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा ओतला जावा. जूनच्या शेवटी तिथे आत्मिक जागृती झाली. जागृतीबद्दल आपण भरभरून बोलतो, मधल्या महिन्यांत रोज तेच मागत बसण्याबद्दल कमी बोलतो.

तर या शुक्रवारी तुझी बोलायची पाळी आली की ‘स्टडीसाठी’ एवढं म्हणून गप्प बसू नकोस. कुठला पेपर, कुठे अडतेस, आणि घरी दादाशी तुलना होते तेव्हा मनात काय येतं, सांगवेल तेवढं सांग. कुणीतरी आधी बोलल्याशिवाय बाकीचे बोलणार नाहीत. वहीत तारीख घालून लिहून ठेव, आणि मलाही पाठव, म्हणजे मी इथे तेच मागेन.

तुझी,
मावशी