पंप आला, पण पेन टाकू नकोस

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डायबेटिससाठी आता इन्सुलिन पंप आलाय, तेव्हा ‘आता सगळं मशीनच बघेल,’ असं तुझे बाबा परवा फोनवर म्हणाले. मशीन इतकं शहाणं नसतं गं. डोसचे आकडे तुझे डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडत नाही. मी सांगते ते रोजच्या वापरातलं.

इन्सुलिनच्या पेनवर होतीस, म्हणजे सुईने टोचून घेत होतीस, तेव्हा लाँग ॲक्टिंग इन्सुलिन दिवसभर अंगात असायचं. पंपात असतं ते फक्त झटपट काम करणारं, तेही थेंबथेंब जाणारं. कॅन्युला, म्हणजे कातडीखाली जाणारी बारीक नळी, दुमडली, पंपापासून अंगापर्यंतचा नळीचा सेट उचकटला किंवा ट्यूबमध्ये हवा शिरली, की अंगात शिल्लक काहीच राहत नाही आणि काही तासांत कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसलं की रक्तात साठणारी घातक आम्लं, वाढू लागतात. अलार्मच्या भरवशावर राहू नकोस. नळी तुंबली तर तो उशिरा वाजतो आणि गळती असली तर बहुधा वाजतच नाही. कारण नसताना शुगर 250 च्या वर गेली आणि पंपातून करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस, देऊनही दोनेक तासांत हलली नाही, तर पुन्हा पंपावर विसंबायचं नाही. कीटोन तपास, पेनने इन्सुलिन घे, मग सेट बदल. कीटोन वाढलेले असताना उलट्या सुरू झाल्या, तर पित्त झालं असेल म्हणून लिंबूपाणी पीत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

सेट सकाळी बदलत जा. रात्री बदलून झोपलीस आणि तो नीट बसलेला नसला, तर कळायला पहाट उजाडते. महाग पडतो म्हणून तीन दिवसांचा सेट पाच दिवस ओढणारे पुष्कळ आहेत. मला त्यांची अडचण कळते, तरी तू तसं करू नकोस. तिथली कातडी सुजते आणि इन्सुलिन कधी मुरतं, कधी नाही. जागाही बदलत राहा. गाठ आलेल्या ठिकाणी टोचताना दुखत नाही, म्हणून तर सगळे तिथेच टोचतात!

खाण्याचं म्हणशील तर पोह्यांच्या आधी साधारण पंधरा मिनिटं बोलस, म्हणजे खाण्यासाठीचा डोस, दे. पुरणपोळीवर तूप असलं की शुगर रेंगाळत चढते. तेव्हा बोलस दोन भागांत विभागून देण्याची सोय पंपात असते, ती डॉक्टरांकडून समजून घे. जेवणानंतर दीड तासाने अंगावरच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरवर 240 दिसले की पुन्हा डोस द्यायला हात शिवशिवतो. पण आधीचं इन्सुलिन तीन-चार तास काम करत असतं. अंगात किती शिल्लक आहे ते पंपाच्या पडद्यावर बघ आणि मगच बटण दाब. सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो. घाम फुटलाय आणि आकडा मात्र चांगला दिसतोय, असं झालं तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघ. 70 च्या खाली असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज घे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते.

नागपूरचा मे महिना तुला नवा आहे. पंप गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. जादाचं इन्सुलिन हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

पेन आणि सुया कायम पर्समध्ये असू देत. उघडलेलं पेन साधारण चार आठवडे चालतं, म्हणून उघडल्याची तारीख त्यावर लिहून ठेव. आणि रूममेटला ग्लुकोज कुठे ठेवलंय ते पहिल्याच आठवड्यात दाखव.

तुझी,
मावशी